आठशे पंचवीसच्या खाली

माझी आत्या चुन्याच्या कारखान्यात वजनं करायची. हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक' असा भारदस्त होता, पण भट्टीवरचे लोक तिला ग्रॅमबाई म्हणायचे. तिच्यापुढे कोणी 'थोडंसं' म्हटलं की ती लगेच विचारायची, "थोडंसं म्हणजे किती ग्रॅम?" घरीही तेच. आई चहात साखर घालायला लागली की आत्या नुसती चमच्याकडे बघत बसायची. आई वैतागायची, "वन्सं, हा चहा आहे, नमुना नाही तुमचा!"

दहावीच्या पुढे ती शिकली नव्हती. पण चुनखडीचा दगड तिला कळायचा. दगड तापला की त्यातला वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना उरतो. शंभर किलो दगडातून छप्पन्न-सत्तावन्न किलो चुना हाताला लागतो, बाकीचा भार हवेत जातो. हे ती बावीस वर्षं दर दोन तासांनी मोजत आली होती.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. ते त्याच भट्टीच्या तळाशी कामाला होते. भट्टी म्हणजे तीन मजले उंच, विटांचा उभा नळा. वरून दगड आणि कोळसा टाकायचा, आणि खाली भुयारातल्या दारातून तयार चुना ओढून ढकलगाडीत भरायचा. ओढायचं काम बाबांचं.

त्या वर्षी धुरांड्याचा पंखा बिघडला आणि दुरुस्तीला काढला. भट्टी विझवली असती तर पुन्हा पेटून तापायला आठवडा लागला असता, म्हणून व्यवस्थापकांनी ती दडपून ठेवायला सांगितली. कोळसा बंद, धुरांड्याची झडप अर्धी लावलेली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच बाबांना पाठवलं, "खालचं दार अडकलंय का बघून ये." बाबा भुयाराच्या पायऱ्या उतरले ते वर आलेच नाहीत. पाऊण तासानं त्यांचा जोडीदार शोधायला गेला, तर त्यालाही खाली वाकल्यावर भोवळ आली. लोकांनी दोघांना दोरानं ओढून काढलं. जोडीदार वाचला.

दहा दिवसांनी कारखान्याचा कागद घरी आला. 'कामाच्या वेळी विश्रांतीसाठी भुयारात गेले असता, हृदय बंद पडून मृत्यू.' आईनं तो दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. आत्यानं तो पुन्हा उलगडला.

"विश्रांतीसाठी?" ती म्हणाली. "दादा तिथं झोपायला गेला होता?"

"जाऊ दे ना," आई म्हणाली. "माणूस गेला, आता शब्दांचं काय करायचं?"

"वहिनी, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ते कशानं पडलं ते लिहायला यांचे हात का कापतात?"

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी तिला खोलीत बोलावलं. सरकारी निरीक्षक येणार होते, आणि प्रयोगशाळेकडून एका कागदावर सही हवी होती. पंखा बंद होता त्या तीन दिवसांत भट्टीत वायू तयार होत नव्हता, असं त्यावर लिहिलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. तिथं चुनखडीपुढे छापलं होतं, वितळणबिंदू ८२५ अंश.

"भट्टीची नोंद बघा," ते म्हणाले. "तिन्ही दिवस सातशे नव्वदच्या आसपास. दगड आठशे पंचवीसला पोचलाच नाही, मग वायू येणार कुठून? करा सही."

"साहेब, त्या आकड्याच्या पुढे कंस आहे, तो वाचा."

कंसात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विघटन'.

"म्हणजे हा दगड वितळत नाही, फुटतो. एकाचे दोन होतात, चुना आणि वायू. चुना वितळवायचा तर अडीच हजारांच्या वर जावं लागेल, त्याआधी तुमच्या भट्टीच्या विटांचंच पाणी होईल."

"तरी आकडा आठशे पंचवीसच आहे ना?"

"तुमच्यासाठी आहे. दगडाला तुमचा तक्ता वाचता येत नाही. तो सातशे नव्वदलाही फुटतो, फक्त सावकाश. आणि तीन दिवस म्हणजे त्याला भरपूर वेळ झाला."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नोकरीची सहा वर्षं राहिलीत ना तुमची? विचार करा."

"केलाय," आत्या म्हणाली आणि कागद त्यांच्याकडे सरकवून बाहेर पडली.

चौकशीच्या दिवशी मला आणि आईलाही बोलावलं होतं. निरीक्षक उतारवयाचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. व्यवस्थापकांनी त्यांना तक्ता दाखवला, नोंदवही दाखवली. सगळं ऐकून निरीक्षक होकारार्थी मान हलवायला लागले. तेवढ्यात आत्या उठली.

"मला पाच तास द्या," ती म्हणाली.

व्यवस्थापक हसले. "बाई, ही चौकशी आहे, शाळा नाही."

"म्हणूनच पाच तास मागतेय. शाळेत अर्ध्या तासात उरकलं असतं."

निरीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. काचेच्या पेटीत तराजू, कोपऱ्यात बादलीएवढी विजेची भट्टी. आत्यानं दगड स्वतः निवडला नाही. निरीक्षकांनी अंगणातल्या ढिगातून उचलून आणला, त्यांनीच फोडला, त्यांनीच खडे तोलले. बरोबर पन्नास ग्रॅम. भट्टी सातशे नव्वदवर लावली आणि दारावर त्यांच्याच सहीची चिठ्ठी चिकटवली.

मग आम्ही बसून राहिलो. व्यवस्थापक येरझाऱ्या घालत होते. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. आत्या मात्र स्टुलावर ताठ, भट्टीच्या तापमानाच्या काट्यावर डोळा. काटा आठशेकडे झुकतोय का हे बघायला ती निरीक्षकांनाच सांगायची, स्वतः भट्टीला हात लावत नव्हती.

चार तासांनी दार उघडलं. खडे गार झाल्यावर निरीक्षकांनी चिमट्यानं एक उचलला. कडा होत्या तशाच धारदार होत्या, कुठेही ओघळ नव्हता.

"वितळला का?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"आता तोला."

काटा अडतीस ग्रॅमच्या जरा पुढे थांबला. निरीक्षकांनी ते सगळं पुन्हा तोललं. आकडा हलला नाही.

"पावणेबारा ग्रॅम," आत्या म्हणाली. "आठशे पंचवीसच्या खाली, चार तासांत, मूठभर दगडातून. त्या दिवशी भट्टीत चाळीस टन होता. तो वायू हवेपेक्षा जड असतो. वर ओढायला पंखा नव्हता, झडप अर्धी बंद होती. गार होऊन तो कुठे उतरला असेल, सांगा साहेब."

आत्यानं खड्यांवर चमचाभर पाणी टाकलं. खडे चरचरले, वाफ निघाली आणि काही उकलून भुगा झाले. तेवढा चुना तयार झाला होता. व्यवस्थापक खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी दुरुस्त होऊन आलेला पंखा थांबवायला लावला, झडप तशीच अर्धी लावली आणि दुपारपर्यंत थांबून तारेला मेणबत्ती बांधून ती भुयारात सोडली. दोन पायऱ्या राहिल्या असताना ज्योत विझली. दुसरी सोडली, तीही तिथंच विझली. बाबांचा जोडीदार माझ्या शेजारी उभा होता. तो निरीक्षकांना म्हणाला, "त्याला साहेबांनीच दार बघायला पाठवलं होतं."

अहवालातून 'विश्रांतीसाठी' हा शब्द गेला. तिथं लिहिलं गेलं, 'वरिष्ठांच्या सांगण्यावरून कामासाठी उतरले असता, वायूने गुदमरून.' त्या संध्याकाळी आई कितीतरी दिवसांनी मोकळेपणानं रडली.

व्यवस्थापकांची बदली झाली, पण आत्यालाही कोणी हार घातले नाहीत. महिन्याभरात तिला प्रयोगशाळेतून काढून गोण्या शिवायच्या शेडमध्ये टाकलं. तिथं चुन्याची धूळ डोळ्यांत जायची, हात फुटायचे. सगळ्यांना वाटलं, आता बाई राजीनामा देईल. आत्या रोज पाच मिनिटं आधी हजर. "त्यांना मी जायला हवीय," ती म्हणायची, "म्हणून तर मी जात नाही." शेडमधल्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत ती गोणीवर खडूनं आकडे काढून दगडाचं गणित समजावायची.

सव्वा वर्षानं नवे व्यवस्थापक स्वतः शेडमध्ये आले. माल परत यायला लागला होता, कच्चा दगड चुन्यात निघत होता, आणि प्रयोगशाळेतल्या नव्या माणसाला ते पकडता येत नव्हतं.

"परत या," ते म्हणाले. "जुनी जागा, जुना पगार."

"येते. पण भुयाराच्या दारावर पाटी लावा. मजकूर मी देईन."

"कसली पाटी?"

आत्यानं गोणीचा कागद फाडून त्यावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "बाहेरून गिऱ्हाईकं येतात हो. जरा सौम्य करता येणार नाही?"

"नाही," आत्या म्हणाली आणि सुई उचलून पुढची गोणी शिवायला घेतली.

आठ दिवसांनी पाटी लागली. लोखंडी, पांढऱ्या रंगावर काळी अक्षरं: 'पंखा बंद असताना या भुयारात वायूने माणूस मेला आहे. तो काम करत होता. आधी ज्योत उतरवा, मग माणूस.'