चौदा खोल्यांची आंबोशी

आमची चाळ घोडपदेवची, चौदा खोल्यांची. मागे नळाच्या बाजूला रायवळ आंब्याचं झाड होतं. कुणी लावलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते सगळ्यांचं. कैऱ्या उतरवल्या की जुन्या साडीवर चौदा वाटे घालायचे आणि एकीने त्यांच्याकडे पाठ करून उभं राहायचं. आई एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारायची, "हा कोणाचा?" पाठमोरी बाई तोंडाला येईल तो खोलीचा नंबर सांगायची. पाण्यावरून, चपलांवरून, कशाकशावरून भांडलो आम्ही. कैऱ्यांवरून कधी नाही.

पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली तेव्हा झाड लगडलेलं होतं. तेरा बिऱ्हाडं आधीच गेली होती, कुणी विरार, कुणी बदलापूर. शेवटचे आम्ही, म्हणजे आई आणि मी. आदल्या दिवशी आईने माणूस लावून सगळ्या कैऱ्या उतरवल्या. टेम्पोत कपाटाच्या आधी त्या गोण्या चढल्या. चिंचपोकळीच्या भाड्याच्या घरात दुधाचं पातेलं सापडत नव्हतं, आणि ही बाई स्वयंपाकघरात चौदा वाटे घालून मला सांगते, "पाठ कर."

मी वैतागले होते. तरी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि नंबर सांगत गेले. मागून ती प्रत्येक वेळी विचारत होती, "हा कोणाचा?" घरात आम्ही दोघीच होतो.

कैरीची साल काढायची, फोडींना मीठ-हळद चोळायची आणि कडकडीत होईपर्यंत उन्हात वाळवायच्या, की झाली आंबोशी. नव्या बिल्डिंगच्या गच्चीवर आई छत्री उघडून दिवसभर कबुतरं हाकलत बसायची. पहिली खेप वाळली आणि सेक्रेटरीने गच्चीला कुलूप घातलं. आम्ही भाडेकरू, बोलणार काय? उरलेल्या फोडी फ्रीजरमध्ये गेल्या. त्यातही हिचा न्याय. प्रत्येक खोलीला थोडं सुकं, थोडं बर्फातलं, आणि प्रत्येक पुडीवर, पिशवीवर मार्करने नंबर.

मग वाटा न्यायला या म्हणून आईचे फोन सुरू झाले. "येतो काकी, रविवारी येतो," सगळे म्हणायचे. आई रविवारी दुपारची झोपायची नाही. पाच नंबरवालीने मात्र सरळ सांगितलं, "तुम्हीच खा ना काकी, इथे सगळं मिळतं." आईने फोन ठेवला आणि पाचची पुडी होती तिथेच ठेवली. नऊ नंबरचे काका गेल्याचं आम्हाला महिन्याने चाळीच्या ग्रुपवर कळलं. त्यांचा वाटा तिने काकूंसाठी ठेवला.

आमचा स्वतःचा वाटा पावसाळ्यातच संपला. आईला आंबोशीशिवाय बांगडा गोड लागत नाही. मी म्हटलं, काढ ना त्यातली मूठभर. "तो लोकांचो वाटो आसा," ती म्हणाली आणि बाजारची कोकमं घालून तोंड वाकडं करत जेवली. हवा दमट झाली की ती सगळ्या पुड्या सोडून, तव्यावर जरा शेकवून पुन्हा बांधायची. फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे ठेवायला जागा नव्हती. मी चिडून बोलायचे. फेकून दे, म्हणायचे. कोण येतंय तुझ्या कैऱ्या न्यायला, असंही एकदा म्हटलं. आपण परत तिथेच राहायला जाणार, सगळे, त्याच नंबरांनी, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर भीती वाटायची.

दिवाळीनंतर ती एकटीच घोडपदेवला जाऊन आली. पत्र्याच्या फटीतून तिला खड्डा दिसला, त्यात हिरवं पाणी. काम बंद, वॉचमनसुद्धा नाही. झाडाचं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तेव्हापासून तिने कुणाला फोन केला नाही.

चैत्रातल्या एका रविवारी मी आंघोळ करून आले तर घरभर बांगड्याच्या कालवणाचा वास. ताट वाढलेलं. पहिल्या घासालाच जिभेला कळलं. ओट्यावर पाहिलं तर रिकामी पुडी, वर अकरा लिहिलेलं. आईने ती घडी घालून ठेवली होती.

"आई, ही अकराची."

"हं. आता कोण येतलो?" ती शांतपणे म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

वर्षभर मला हेच हवं होतं. आता घास गिळवेना.

"येतील गं कुणीतरी," मी म्हटलं.

"जेव गप."

जेवण झाल्यावर पाण्याची बाटली काढायला फ्रीज उघडला. फ्रीजरमधली नऊ नंबरची पिशवी तिने खाली ठेवली होती, उद्यासाठी, वितळायला.