दुसऱ्या अल्बमवरचं नाव

आमच्या घरातल्या एकाही भांड्यावर आमचं नाव नव्हतं. वडील एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून गिऱ्हाइकांच्या स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायचे. लग्न मोडलं आणि नाव टाकलेली भांडी कुणी न्यायला आलं नाही, की ती विकता येत नसत. मग दुकानदार ती मजुरीऐवजी वडिलांच्या गळ्यात मारायचा. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो, आणि न झालेल्या नवरदेवांच्या ताटांत जेवायचो. आई इंदिरानगरात धुणीभांडी करायची.

छिन्नीवर हातोडी प्रत्येक वेळी सारख्याच जोराने पडावी लागते, नाहीतर अक्षर बिघडतं. सुट्टीत मीही कोरायला बसायचो. हात तिथे तयार झाला.

आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई ज्यांच्याकडे कामाला होती, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. गिटार वाजवायचा. एकदा आईला किल्ली द्यायला गेलो, तर वरच्या खोलीत तो आणि त्याचे दोन मित्र बँडची तालीम करत होते, ड्रम्स मात्र रिकामे. त्याने बसवलं, मी वाजवलं.

"कुठे शिकलास रे?"

"भांड्यांवर."

सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

त्यांनी मला बँडमध्ये घेतलं. आम्ही पॉवर मेटल वाजवायचो. सुसाट ड्रम्स, टिपेला चढणारा गायक, गाण्यांत तलवारी, राजे, आग ओकणारे राक्षस. दोन्ही पायांनी दोन पेडल पाच-पाच मिनिटं मारत राहायचं, घाम पुसायलाही थांबायचं नाही. पहिला अल्बम इंटरनेटवर निघाला तेव्हा त्यावर चार नावं होती, माझं शेवटी. वडिलांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते दोनदा वाचलं. "अक्षर बरं हाय," एवढंच म्हणाले.

मग गायक कॅनडाला गेला, बेसवाला नोकरीसाठी पुण्याला. नवे दोघं आले. त्यांच्याकडून जुनी गाणी मीच घोटून घेतली. दुसऱ्या अल्बमच्या आठही गाण्यांचे ड्रम्स मी वाजवले, रेकॉर्डिंग संपवलं, आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेसाठी महिनाभर सुट्टी मागितली. "बिनधास्त जा," म्हणाले.

परीक्षा देऊन आलो, तर माझ्या स्टुलावर दुसराच बसलेला. अल्बम बाहेर पडला होता. फोटोत तो, आणि ड्रम्ससमोर नावही त्याचंच.

"लाइनअपमध्ये जो असतो त्याचं नाव जातं, भावा," गिटारवाला म्हणाला.

"मग कॅनडावाल्याचं नाव पहिल्या अल्बमवरून काढलंस का?"

"ते वेगळं आहे."

काय वेगळं आहे, ते मला चांगलं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या आईला म्हणाली, "मावशी, पोराला नोकरीला लावा आता. असले छंद तुम्हाला परवडायचे नाहीत." आई त्यांचीच भांडी घासत होती. त्या भांड्यांवरची नावं माझ्या वडिलांनी कोरलेली. मी ते विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

पण नव्या ड्रमरला चौथं गाणं झेपेना. अर्ध्यातच त्याचे पाय मागे पडायचे. एका कॉलेजच्या महोत्सवात बँडला संपूर्ण अल्बम वाजवायचा होता. आठवडा उरला, तेव्हा गिटारवाला पहिल्यांदा आमच्या घरी आला. आईने पाणी दिलं. पेल्यावरचं नाव वाचून त्याने वडिलांना विचारलं, "काका, हे कोणाचं नाव?"

"ज्याचा पेला, त्याचं. आम्ही नुसतं पाणी पितो. दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव नाय टाकलं कधी."

त्याने पेला खाली ठेवला आणि मला म्हणाला, "महोत्सवात तूच वाजव."

मी म्हणालो, "आधी अल्बमवरचं नाव बदल. मला दिसलं की येतो."

"शो झाल्यावर करतो ना, शब्द देतो."

"शब्द नको. शोच्या आधी."

तीन दिवसांनी नाव बदललं. मी गेलो, आठही गाणी वाजवली, काठ्या पिशवीत टाकल्या आणि बँड सोडला. कुणी थांब म्हणालं नाही. तिसऱ्या अल्बमवर परत नवीन माणसं आहेत म्हणे. मी ऐकलेला नाही.

आईने त्यांच्याकडचं काम सोडलं. मी पदवीधर आहे, सिन्नरला एका कारखान्यात माल तपासायची नोकरी करतो. दुसऱ्या अल्बमच्या आठही गाण्यांवर ड्रम्ससमोर माझं नाव आहे.