पानी पुढच्यांचं हाय

मिहिर, सई, तुमचे आजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघं फोनच्या पडद्यावर होतात, एक टोरांटोत, एक मेलबर्नमध्ये, आणि मी गडबडीत फोन त्यांच्याकडे धरायच्या ऐवजी छताकडे धरला होता. तुम्ही नंतर विचारलंत, ‘आजी, शेवटी ते काय बोलले?’ तेव्हा मला सांगता आलं नाही. आता काही आठवडे गेले आहेत, घरात पाहुणे नाहीत, म्हणून लिहिते. ते पाणी मागत होते...

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांचं पाणी तोडलं होतं. जास्त प्यायले तर ते फुप्फुसात साठेल, श्वास कोंडेल, असं मला नीट समजावून सांगितलं होतं. मी साताऱ्याच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली शिस्तीची बाई. घरून एक लहान वाटी दवाखान्यात नेली होती; पाणी त्या वाटीनंच आणि ठरलेल्या वेळीच द्यायची. ओठांना भेगा पडल्या की ओला बोळा फिरवायची. ‘बाई, लय छळताय,’ ते म्हणायचे. लग्न झाल्यापासून मला बाईच म्हणत, शाळेतल्या पोरांसारखं, चिडवायला. पहिले काही दिवस त्यात हसू होतं. मग हसू गेलं आणि नुसतं ‘पानी द्या’ उरलं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची बायको तोंडाला पदर लावून बाहेर जाऊन बसायची, इतकं ते ऐकवत नसे.

त्यांचं गाव आटपाडीच्या पलीकडे, माळावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मीही धनगराचीच, पण वडील रहिमतपूरला पोस्टात होते, मेंढी मी लांबूनच पाहिलेली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘तुजं विंग्रजी मेंढरास्नी कळतं का गं?’ तुमचे आजोबा तेव्हा नुकतेच फौज सोडून आले होते. एकाहत्तरच्या लढाईत ते सिंधच्या वाळवंटात पाण्याच्या पिपांचा ट्रक चालवत होते. मिहिर, तू लहान असताना विचारलं होतंस, ‘आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?’ आणि ते म्हणाले होते, ‘न्हाई रं गड्या, मी फकस्त पानी नेलं.’ तुझा चेहरा पडला होता.

पण पाणी नेणं हीच तिथली लढाई होती. पायदळ सरहद्द ओलांडून भराभरा आत घुसलं, समोरून फारसा विरोध नव्हता, आणि मागचं सगळं मागंच राहिलं... तेल, शिधा, पाणी. रस्ता नव्हताच. चाकांतली हवा कमी करायची, चाकांखाली झुडपं तोडून टाकायची, थोडं पुढं गेलं की परत ट्रक वाळूत बसायचा. डिसेंबर असूनही दुपारी बॉनेटमधून वाफ यायची. मग तेच पाणी इंजिनाला घालायचं की माणसांना ठेवायचं? पिपांतल्या पाण्याला डिझेलचा वास. गावं ओस पडलेली, लोकांनी जाताना विहिरींत काटे आणि वाळू लोटलेली. ‘आमी जिकत हुतो म्हनं,’ ते म्हणायचे, ‘पर जितकं जिकावं तितकं पानी लांब.’

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे, प्रत्येक लग्नात ते ती सांगायचे. ट्रकमधलं पाणी पुढच्या तुकडीला पुरणार नाही हे दिसत होतं. त्यांच्याबरोबरचे हवालदार लोणंदचे. वाळूत मेंढरांच्या खुरांच्या वाटा दिसल्या तेव्हा हवालदार म्हणाले, ‘काय रं धनगरा, पानी कुठं हाय?’ आजोबांनी वाटा पाहिल्या. आमच्या माळावर चरायला निघालेल्या मेंढरांच्या वाटा पसरत जातात आणि पाणवठ्याकडे येताना एकत्र होतात, केरसुणीच्या काड्या मुठीपाशी याव्यात तशा. त्या वाटाही एकत्र येत होत्या. ‘चला सायेब, मेंढरू खोटं बोलत न्हाई!’ दोन टेकड्यांमधल्या खिंडीशी वाटा मिळाल्या. तिथं पाणी नव्हतं. गावं सोडून पळालेली माणसं आपापले कळप घेऊन त्या खिंडीतून गेली होती. ‘मेंढरं पान्याकडं जात नव्हती वो, आमच्यापास्नं पळत हुती!’ इथं ते मांडीवर थाप मारत आणि सगळे हसत. ‘धनगर असून मेंढरानं गंडवला!’ असं म्हणून कुणीतरी त्यांना लाडू भरवायचं.

मीही हसत आले.

शेवटच्या दुपारी ते मला ओळखत नव्हते. सुई लावलेल्या हाताला झटके देत होते. ‘पानी द्या, हवालदारसाब, पानी द्या.’ मी नेहमीसारखं म्हणाले, ‘अहो, आत्ता नाही, सहाला.’ ते रडायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. ठरलेली वेळ नव्हती, तरी वाटी भरून मी त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी मानेवरून उशीवर गेलं. पुन्हा तेच, ‘पानी द्या.’ तेव्हा पहिल्यांदा मी विचारलं, ‘कुणाला?’

‘त्या म्हाताऱ्याला. त्यो बगा की... कोकरू घिऊन बसलाय.’

मग तुकड्यातुकड्यांनी आलं. खिंडीत पाणी नव्हतं, पण एक म्हातारा होता. चालवेना म्हणून मागं राहिलेला, मांडीवर पाय मोडलेलं कोकरू. सैनिक पाहूनही तो पळाला नाही, ओंजळ पुढं केली. यांनी पिपाला हात घातला आणि हवालदार म्हणाले, ‘हात काढ. पानी पुढच्यांचं हाय.’ आणि ते खरंच पुढच्यांचं होतं, मुलांनो. वाट चुकण्यात आधीच अर्धा दिवस गेला होता. ट्रक पुढच्या तुकडीपाशी पोचला तेव्हा तिथली पोरं इंजिनातलं गंजकं पाणी पिऊन ओकत पडली होती, एकाला शुद्ध नव्हती. हवालदार चुकले असं मला म्हणता येत नाही. ते केव्हाच वारले, विचारायलाही कुणी नाही. पुढे करार झाला आणि ती सगळी वाळू ज्यांची होती त्यांना परत दिली गेली. म्हाताऱ्याचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही.

म्हणजे एवढे दिवस ते स्वतःसाठी मागत होते की त्याच्यासाठी? वाटीवाटीनं मोजून मी नेमकं कुणाचं पाणी अडवत होते? मला कळत नाही. त्या क्षणी एवढंच कळलं की माझ्या हातून आता त्यांच्यासाठी काहीच होण्यासारखं उरलेलं नाही. मी तांब्या उचलला, खाटेच्या पलीकडे रिकामी खुर्ची होती तिच्यापाशी गेले आणि जमेल तेवढ्या जाड, हवालदारी आवाजात म्हणाले, ‘दिलं रं. पितोय बग.’

त्यांनी मान वळवली. ‘समदं प्याला?’

‘समदं.’

‘आनि कोकरू?’

मी होकाराची मान हलवली. त्यांनी ती पाहिली की नाही, कोण जाणे. नंतर ते काही बोलले नाहीत. त्यानंतरच मी तुम्हाला फोन लावला.

आता मी आटपाडीकडच्या घरी आहे. दारापुढे त्यांनी बसवलेली दगडी कुंडी तुम्ही पाहिली आहे. सई, तू तिच्यात पाय बुडवून बसायचीस आणि ते ओरडायचे, ‘आगं, पेनाऱ्याचं पानी हाय ते!’ आम्ही गावी असलो की जाणाऱ्या-येणाऱ्या कळपांसाठी ते ती रोज सकाळी भरत. उन्हाळ्यात आमच्याच घरात घागरीच्या तळाशी पाणी असायचं, तरी आधी कुंडी. मला ते तऱ्हेवाईकपण वाटे, मी बोलायचेही. आता मी भरते. बादली दोन्ही हातांनी धरावी लागते. दुपारी कुठलातरी कळप येऊन जातो आणि कुंडी कोरडी पडते. मग मी उंबऱ्यावर बसून धुळीतल्या वाटा बघते. माळावरून त्या एकत्र येतात, अगदी केरसुणीसारख्या... पण ती मेंढरं पाण्याकडे आली होती की कशापासून तरी पळत होती, हे मला पायांच्या खुणांवरून अजून ओळखता येत नाही.