मान हलवली म्हणजे हो नव्हे

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझी नणंद जन्मापासून बहिरी. लग्न होऊन रत्नागिरीजवळ सासरी आले, तेव्हा सगळे तिच्याशी ओरडून, ओठ ताणून बोलत. ती मान हलवायची. कळलं पोरीला, म्हणून ही मंडळी मोकळी. हातांच्या भाषेला दुभाषी लागतो, हे आमच्या गावीही नव्हतं.

मासळी साफ करायला मला तिच्याशेजारी बसवलं, तिथे माझी शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी तिचे हात बघून माझा विळीवरचा हात थांबला तो थांबलाच. भाट्याच्या किनाऱ्याला भरती कशी चढते, होडी कशी हेलकावते, शेजारीण वाळूत कशी फतकल मारून बसली, सगळं दहा बोटांत. मी थक्क झाले. सासूबाईंची खूण नथीची, माझ्या नवऱ्याची मिशीची. मला नाव दिलं भुवया आक्रसून. एवढी का मी रागीट, विचारलं तर हसून लोळली. मी रोज चुकायचे, ती बोट धरून सुधारायची. वर्ष गेलं तेव्हा कुठे कळलं, तिच्या त्या मान हलवण्याचा अर्थ एवढाच, की पुरे करा आता.

शिमग्याला नणंदेला बघायला मुंबईत नोकरीला असलेलं स्थळ आलं. बिजवर, पण धडधाकट. चहा झाला. सासूबाईंनी ओठ ताणून विचारलं, "पसंत?" नणंदेनं मान हलवली. तोंड गोड करायला सासऱ्यांनी साखरेची वाटी उचलली.

सासऱ्यांपुढे सुनेनं बोलायची पद्धत नव्हती. तरी म्हटलं, "मामंजी, थांबा. मी विचारते तिला."

मी हातांनी विचारलं. तिचे हात उठले ते थांबेचनात. मी धापा टाकत सगळ्यांना सांगत गेले, "हा एकदाही माझ्याकडे बघून बोलला नाही. माझे हात त्यानं बघितलेच नाहीत. जन्मभर नुसती मान हलवायला मी जाणार नाही."

पाहुणे उठून गेले. सासरे वाटी धरून बसून राहिले. आता माझं काही खरं नाही, असं वाटलं.

"एवढं बोलते ती?" त्यांनी विचारलं.

"रोज बोलते."

त्यांनी वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "'चुकलो' कसं सांगतात गो हातानं?"

मी दाखवलं. त्यांनी लेकीसमोर बसून केलं, अगदी वेडंवाकडं. तिनं त्यांचा अंगठा धरून नीट केला आणि पुन्हा करायला लावलं.