शिरीनच्या स्क्रॅपबुकातला निळा रुमाल

मंडळी, आज एका रुमालानं मलाच धडा शिकवला.

मी इथं संभाजीनगरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. तिसऱ्या वर्षाची शिरीन खुलताबादहून एसटीनं ये-जा करते. आज तिनं माझ्या हातात तिचं स्क्रॅपबुक ठेवलं. "मॅडम, तुमच्यासाठी एक पान कोरं ठेवलंय."

पानं उलटत गेले. गॅदरिंगचे फोटो, कँटीनवाल्या मामांची सही, आणि मग डिंकानं चिकटवलेला एक निळा रुमाल. खाली लिहिलं होतं, "यानं तीन वर्षं सुनीताची जागा धरली."

सुनीता तिच्याच गावची, तिच्याच वर्गातली. तिचा एक पाय अधू आहे, बसच्या रेटारेटीत तिला चढता येत नाही. म्हणून शिरीन माझ्या शेवटच्या तासातून दहा मिनिटं आधी सटकायची, खिडकीतून सीटवर रुमाल टाकायला.

आणि मी तिला भर वर्गात झापायचे, "घरी पळायची एवढी घाई, तर येतेस कशाला?"

"अगं, सांगायचंस ना मला!" मी म्हटलं.

"सुनीता समोरच बसलेली राहायची मॅडम. सगळ्यांसमोर कसं सांगणार?"

माझं कोरं पान त्या रुमालाच्या अगदी शेजारी आहे. वही घरी आणलीय, दुपारपासून पेन हातात धरून बसलेय. तुम्ही काय लिहिलं असतं?