उपाशी जिवाणू आणि ग्लोरियाचा डबा

ग्लोरियाच्या आईचा फोन आला तेव्हा मी पूनम सागरच्या नाक्यावर कांदे निवडत होते. "ग्लोरिया न्हाय आता, बाय," एवढंच त्या म्हणाल्या. भाजीवाला "मॅडम, तौलूं क्या?" विचारत राहिला... मी कांदे तसेच टाकून घरी आले. महिना उलटून गेलाय, तरी कांद्यांचा ढीग दिसला की मी रस्ता बदलते.

तारोडी गावची ग्लोरिया आणि मी कितीतरी वर्षं एकाच प्रयोगशाळेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं. समुद्रातल्या जिवाणूंना मारणारे विषाणू हा आमचा विषय. पद्धत सांगायला सोपी आहे. विषाणूचं एकेक जनुक मुद्दाम बिघडवायचं आणि त्याचं काय अडतं ते बघायचं. प्लेटवर जिवाणूंचा सायीसारखा थर असतो, विषाणूने ते मारले की तिथे स्वच्छ ठिपके पडतात. ग्लोरियाच्या वाट्याचं जनुक बिघडवलं तरी ठिपके पडायचेच. "बिनकामाचं आहे, सोडून द्या," आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर म्हणाले. माझंही तेच मत होतं. तिच्यावर कॅन्सरचे उपचार चालू, हातात वेळ कमी, आणि ही बाई त्याच जनुकाला चिकटून बसलेली! मी चिडायचे, ती हसायची. "आपण जिवाणूंना पोटभर खायला घालतोय गं. समुद्रात रोज पोटभर कोणाला मिळतं?" तिने त्यांच्या खाद्यातलं फॉस्फेट तोडलं, त्यांना उपाशी ठेवलं. त्या प्लेटा मी बघितल्या, कारण ती ॲडमिट होती. धडधाकट विषाणूचे ठिपके होते, बिघडवलेल्याचा एकही नव्हता. उपाशी जिवाणूतच त्या जनुकाचं काम पडत होतं. मी फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघ! जेवलीस का?"

हे तिचं कायमचं. कुणाचाही प्रयोग फसला की ती पॅन्ट्रीच्या कपाटातून स्टीलचा डबा काढायची. त्यात आईच्या हातची भाकरी आणि सुकटीची चटणी. "आधी जेव, मग रड." त्या वासावरून शेजारच्या लॅबशी आमची भांडणंही झालीत.

ती गेल्यावर काम अडलं नाही, हे लिहितानाही वाईट वाटतं. मशिनं चालू, सरांच्या मीटिंगा चालू. गेल्या आठवड्यात मात्र सगळ्यांच्या प्लेटांवर बुरशी आली, सगळी मेहनत पाण्यात. जो तो दुसऱ्यावर खेकसला आणि तोंड फिरवून बसला... दुपार टळली तरी कुणी जेवायचं नाव काढेना. मला तिची फार आठवण आली. कपाटात तिचा डबा होता, घासून पालथा घातलेला. मी माझी पोळीभाजी त्यात काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली.

"चला, आधी जेवूया."

सगळ्यात आधी सर उठून डब्यापाशी आले. जेवून झाल्यावर मग मी रडले.