हिरव्या अंड्याची आतली बाजू

एदुविना लिंकोलेओ मला कधीच फारशी आवडली नाही. आमच्या दोघींचं कुंपण एकच, त्यामुळे हे आधी सांगून टाकलेलं बरं. बाई कंजूष नव्हती. भाजलेल्या गव्हाचं मूठभर पीठ मागितलं तर पिशवी भरून द्यायची. पण आपल्या निळ्या अंड्यांचा तिला इतका ताठा, की ती अंडी कोंबडीने नाही, हिनेच घातली असावीत.

अंडी निळी होती, हे मात्र खरं. चोलचोल नदीच्या या बाजूला माझ्या लहानपणी घरोघरी तशीच अंडी असत. मग ट्रकमधून तांबड्या कोंबड्या आल्या, त्या भरपूर अंडी देतात म्हणून सगळ्यांनी घेतल्या, आणि हळूहळू साऱ्या वस्तीची अंडी आधी हिरवी, मग तपकिरी झाली. एदुविनाच्या अंगणात मात्र लग्नात आईने दिलेला निळा वंश टिकला. टिकला, कारण ती कोंबडा कुणालाच देत नसे. आमच्यात त्राफकिंतूची रीत आहे. तू मला बी दिलंस, मी तुला कोंबडी दिली, की आपण एकमेकींच्या त्राफकिन झालो, म्हणजे जवळजवळ नात्यातल्याच. एदुविना कोंबड्या हसत द्यायची. कोंबडा मागितला की तिला ऐकू यायचं बंद.

तिची एकच त्राफकिन उरली होती, नदीपलीकडची दोमितिला कुरिकेओ. दोघींचे नवरे गेलेले, दोघींची मुलं दूर सान्तियागो शहरात. आणि आमची मापुचे भाषा आता पुरती बोलणाऱ्या त्या दोघीच. मला समजते, पण तोंडात उत्तर येतं ते स्पॅनिश. दर रविवारी दोमितिलाकडे जाऊन आली की एदुविनाचा चेहरा पोटभर जेवल्यासारखा दिसायचा.

वसंताच्या सुरुवातीला भटकी कुत्री आली. आम्ही दोघी बाजाराला गेलो होतो. परत आलो तर तिच्या अंगणभर पिसं. निळी अंडी देणाऱ्या सगळ्या कोंबड्या गेल्या, कोंबडाही गेला. वाचली फक्त एक काळी, तपकिरी अंडी देणारी, कारण ती खुडूक होऊन चुलीमागच्या टोपलीत बसली होती. टोपलीत अंडी नव्हती, दोन बटाटे होते.

"पापाय," मी म्हटलं. आमच्याकडे मोठ्या बायकांना असंच म्हणतात. "येर्बाचा काढा करू का?"

"काढ्याने कोंबड्या जिवंत होतात का?" ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "माझ्या आईचं तेवढंच होतं गं माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी आम्ही झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो. दोमितिलाला तिने पूर्वी दोन निळ्या कोंबड्या दिल्या होत्या. त्यांच्या नातवंडांची अंडी आणायची, काळीखाली ठेवायची, आणि वंश परत उभा करायचा. काळी किती दिवस बटाट्यांवर राहील याचा नेम नव्हता, म्हणून घाई.

कुत्र्यांचं ऐकून दोमितिलाने आणखी काही न विचारता अंड्यांची टोपली पुढे केली. अंडी हिरवी होती, शेवाळलेल्या दगडासारखी. इतकी वर्षं येऊन एदुविनाने तिचं खुराडं कधी पाहिलंच नव्हतं.

"हे काय?" एदुविना म्हणाली.

"अंडी. दिसत नाहीत?"

"मी तुला निळं दिलं होतं. माझ्या आईचं निळं! तू त्याचा चिखल केलास."

"तू मला कोंबड्या दिल्यास, बाई. कोंबडा दिलास? किती वर्षं मागत होते! मग काय करू, मी स्वतः बांग देऊ? रस्त्याने जो आला तो ठेवला. तो निघाला तांबड्यांच्या जातीचा."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. एदुविना हसली नाही. तिने टोपली उचलली, कारण काळी वाट बघत होती. बरोबर आणलेली पिठाची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "घे. फिटलं आपलं. आता तुझं माझ्याकडे काही नाही, माझं तुझ्याकडे नाही."

आमच्यात असं कुणी म्हणत नाही. काहीतरी कुणाकडे तरी राहिलेलंच असतं, तेवढ्यासाठी तर माणूस पुन्हा दारात येतो. दोमितिला पिशवीकडे बघत राहिली. आम्ही निघालो.

एदुविनाने बटाटे काढून हिरवी अंडी टोपलीत ठेवली, गडगडाटाने आतला जीव मरू नये म्हणून गंजका खिळा पेंढ्यात खुपसला, आणि घरात बसून राहिली. रविवारी पलीकडे जाणं बंद झालं. मला कुंपणावरून तिचं बोलणं ऐकू यायचं. काळीशी बोलायची ती, आमच्या भाषेत. आज पाव करपला. मुलाचा फोन नाही. कोंबडी कधीमधी कुरकुरायची, तेवढीच साथ. मी एकदा हाक मारली, गप्पा मारायला. तिने काही विचारलं, मी स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं, आणि ती म्हणाली, "जा तू, तुझं काम असेल." फार वाईट वाटलं मला. तिच्या घरात माझ्यासाठी जागा नव्हती असं नाही. तिला जे हवं होतं ते माझ्या तोंडात नव्हतं.

पिल्लं बाहेर पडली त्या सकाळी ती ओरडली, "नेल्दा! इकडे ये, आधी इकडे ये!"

मला वाटलं मेली सगळी. पिल्लं तर काळीच्या पंखाखाली चिवचिवत होती. एदुविना फुटलेली टरफलं हातात घेऊन दाराच्या उजेडात उभी होती.

"आत बघ."

टरफल बाहेरून हिरवं, पण आतून निळं होतं. स्वच्छ निळं, तिच्या जुन्या अंड्यांसारखं. तपकिरी रंग नुसता वरून चोपडलेला, म्हणून हिरवं दिसायचं. तिने आयुष्यभर फक्त आपलीच अंडी फोडली, हिरव्याला कधी हात लावला नाही. मी हिरवी अंडी शेकड्यांनी फोडली असतील, पण तव्यावर अंडं पडल्यावर टरफलाकडे बघतं कोण?

"गेलंच नव्हतं," ती म्हणाली. "दोमितिलाने सांभाळलं होतं. माझ्या कोंबड्याशिवाय." आणि खाली बसून रडली. कुत्र्यांनी सगळं नेलं त्या दिवशीही ती रडली नव्हती.

पिल्लांत कोंबडे तीन निघाले. दोघांचा तुरा तांबड्यांसारखा उभा करवती. तिसऱ्याचा बसका, वाटाण्यांच्या तीन रांगा लावाव्यात तसा, आणि शेपूट मुळीच नाही. तिच्या आईचे कोंबडे असेच असत. कोंबडा अंडं घालत नाही, त्यामुळे त्याच्यात कोणता रंग आहे ते लेकी अंड्यावर येईपर्यंत कळत नाही. पण असा तुरा असला की निळं आत आहे, असं एदुविना छातीठोकपणे सांगायची. उन्हाळाभर तिने त्याला जिवापाड जपलं. शरद ऋतू लागला तशी एका सकाळी त्याला काखोटीला मारून कुंपणाशी आली.

"पुलावर माझा पाय डळमळतो. चल बरोबर."

"पापाय, हा एकच आहे तुझ्याकडे."

"मला मोजता येतं."

दोमितिलाने दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. एदुविनाने कोंबडा पुढे केला. कोंबड्याने दोमितिलाच्या बाहीचं बटण टोचलं.

"याला शेपूट कुठाय?" दोमितिलाने आमच्या भाषेत विचारलं.

"तुझ्याकडेच राहिलं असेल," एदुविना म्हणाली. मग मान खाली घालून, "निळं व्हायला दोन-तीन पिढ्या लागतील."

दोमितिलाने कोंबडा घेतला आणि छातीशी धरला. तिच्या मागे खोलीत घेवड्याची पोती भिंतीला टेकून उभी होती, आढ्याला लसणाच्या वेण्या टांगलेल्या, कोपऱ्यात बटाट्यांचा ढीग. मी सगळं बघत होते.

"आज माझ्याकडे द्यायला काही नाही," ती म्हणाली. "परत यावं लागेल तुला."

"कधी?"

"उद्या ये."